शेंदराखालचा नंबर

चाकण, १४ जुलै २०२४

शिवहार,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन का करत नाही ते तुला ठाऊक आहे. तेवीस वर्षं प्रेसशॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मशिनींच्या आवाजात काढली. डावा कान गेलाच, उजव्यानं नावापुरतं ऐकू येतं. तू बोलशील आणि मी नुसतं हो हो म्हणत बसेन. मोबाइलवर लिहिलं तर ते घरातले सगळे वाचतात. म्हणून पत्र. उत्तर घरच्या पत्त्यावर नको, पाकिटावर सोसायटीच्या रखवालदाराचं नाव घालून माझं नाव खाली लिही.

काम असं आहे. मार्चमध्ये मी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. नऊ लाख मिळाले. या वयात, या कानांनी दुसरी नोकरी मिळणार नाही. इकडे लग्नात नवरा-नवरीसाठी जुनी गाडी भाड्यानं घ्यायची पद्धत पडली आहे. एका दिवसाचे पंधरा हजार मोजतात. मात्र गाडी खरोखर जुनी लागते, आणि ती कुणाची, कधीची, हे सांगता आलं पाहिजे. लोक विचारतात.

तुमच्याकडे सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या एका गावात सोमेश्वर म्हणून शेतकरी आहे. त्याच्याकडे चौपन्न सालची फियाट आहे, आपण शाळेत असताना जिला डुक्कर फियाट म्हणायचो ती. त्यानं मोबाइलवर फोटो टाकले आहेत. आजोबांनी बासष्ट साली परभणीच्या वकिलाकडून घेतली, तेव्हापासून घराबाहेर गेली नाही, सगळं मूळचं आहे असं तो म्हणतो. साडेसहा लाख मागतो.

फोटोत सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात. तू जाऊन बघ. तू अस्सल म्हणालास तर घेईन, नाही म्हणालास तर विषय संपला. हे पैसे आयुष्यात दुसऱ्यांदा येणार नाहीत.

तुझा मावसभाऊ,
बालाजी


॥ नागनाथ ॥
औंढा, २९ जुलै २०२४

प्रिय बालाजी,

तुझं पत्र पोचलं. गॅरेजच्या पत्त्यावर हातानं लिहिलेलं पत्र बऱ्याच वर्षांनी आलं. पोस्टमननं ते दोनदा उलटंपालटं करून मग दिलं.

काल रविवारी गाडी बघून आलो. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. सोमेश्वर पंचेचाळिशीचा, नीटस बोलणारा माणूस आहे. त्याला शेडची जागा हळद पॉलिश करायच्या ड्रमसाठी हवी आहे. वडील किसनराव चार वर्षांमागं वारले. गाडी आणली ती आजोबांनी, नामाजींनी. ते जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली. घरात आता सोमेश्वर, त्याची बायको आणि आई नर्मदाबाई. आईचं वय अठ्ठ्याहत्तर.

मी सकाळी नऊला लागलो आणि दोनला उठलो. पुढचे दोन्ही दरवाजे उलटे उघडतात, तसेच पाहिजेत. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याशी आहे. पत्र्यावर चुंबक फिरवला, कारण जिथं पुट्टी भरलेली असते तिथं चुंबक धरत नाही. डावा पंखा, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, आणि मागची एक जागा सोडली तर सगळीकडे धरला. काचा जुन्या आहेत. सीटचं कापड नंतरचं आहे, पण ते कुणीही बदलतं. इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी जुळला. बॅटरी जोडून हँडल मारलं तर चौथ्या फेऱ्यात बोलली. आवाज स्वच्छ आहे. मला बरं वाटलं.

आता अडचण. गाडीचा मुख्य नंबर बॉनेट उघडल्यावर समोर जो पत्रा दिसतो, इंजिनाच्या मागचा, त्यावर ठोकलेला असतो. या गाडीत तो दिसतच नाही. त्यावर शेंदराचा लगदा आहे, तळहाताएवढा रुंद आणि बोटाच्या पेराएवढा जाड. दर दसऱ्याला वाहनाची पूजा करताना आपण बॉनेटवर स्वस्तिक काढतो. या घरात शेंदूर तेलात कालवून नंबरावर लावतात. गाडी आणली तेव्हा वकिलानं नामाजींना दाखवलं होतं म्हणे, की गाडीचं नाव इथं लिहिलेलं असतं. नाव तिथं तर कपाळही तिथंच, असं त्यांच्या बायकोनं ठरवलं. मग ते काम सुनेकडे आलं. नर्मदाबाई लग्न होऊन आल्यापासून लावतात.

नंबर बघायचा तर तो काढावा लागेल, असं मी म्हणालो. सोमेश्वर तयार होता. नर्मदाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते कपाळ हाय. कपाळावरचं कुंकू कुनी खरवडतं का?"

मी पाना पिशवीत टाकला आणि चहा घेऊन निघालो. थोडं थांबू.

तुझा,
शिवहार


चाकण, ५ ऑगस्ट २०२४

शिवहार,

तुझ्या गॅरेजात गाडी आली की आधी उदबत्ती लागते आणि मग पाना, हे मला ठाऊक आहे. पण इथं माझे नऊ लाख आहेत. थिनरमध्ये कापसाचा बोळा बुडवून पाच मिनिटं धरला असतास तर नंबर दिसला असता आणि म्हातारीला कळलंही नसतं.

मला वेगळाच वास येतो. नंबर जुळत नसणार. म्हणून पोरानं आईला पुढं केलं आहे. देवाचं नाव घेतलं की तू मागं सरतोस हे अख्ख्या तालुक्याला माहीत आहे.

सोमेश्वरनं रखवालदाराच्या मोबाइलवर मेसेज केला की हैदराबादचा एक व्यापारी महिनाभरात गाडी बघायला येतो आहे. तो काही कपाळबिपाळ बघत बसणार नाही. तू पुन्हा जा.

बालाजी


॥ नागनाथ ॥
औंढा, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय बालाजी,

उशीर झाला. श्रावणात सोमवारी औंढ्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि भाविकांच्या निम्म्या गाड्या माझ्या दारात येऊन बंद पडतात. उदबत्तीचं म्हणशील तर ती पाना सापडेपर्यंत लावलेली असते.

मी पुन्हा गेलो नव्हतो. नर्मदाबाईंनीच निरोप पाठवला, की शिवहारला म्हणावं ये, पण माझ्या रीतीनं काढ. आपल्याकडे मारुतीवरची शेंदराची खोळ सुटते तेव्हा ती वाजत-गाजत नदीला नेतात, तू बघितलं आहेस. खोळ खरवडायची नसते, सुटू द्यायची असते. त्यांचं म्हणणं तसंच होतं. लोखंड लावायचं नाही. कोमट तिळाचं तेल सोडायचं आणि वाट बघायची. सुटली की नव्या कापडात बांधून पूर्णेत सोडायची, आणि सोडणारा उपाशी पाहिजे. सोमवार माझा उपवासाचाच असतो.

चार दिवस सकाळी जाऊन तेल सोडत होतो. नर्मदाबाई शेडच्या दारात पाट टाकून बसायच्या. मी त्यांना हैदराबादच्या व्यापाऱ्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, त्यानं कपाळाला हात लावला असता तर हात मोडला असता. मग पाट उचलून दाराबाहेर पाठ करून बसल्या. मला वाटलं, इतक्या वर्षांची पूजा उतरते आहे म्हणून जीव तुटतो आहे.

आज दुपारी कडेला नख लावलं तर खोळ अख्खी हातात आली. आतल्या अंगाला नंबराचा उलटा ठसा उमटला होता. खालचा पत्रा नव्यासारखा. इतक्या जुन्या गाड्यांचे नंबर गंजानं खाल्लेले असतात, इथं तेलानं आणि शेंदरानं राखला गेला.

नंबर आरसी बुकाशी जुळतो. एकेक आकडा जुळतो. तुझा संशय चुकला आणि सोमेश्वरवर विनाकारण आळ आला. तू त्याची मनातल्या मनात माफी माग.

पैसे मात्र अजून देऊ नकोस. खोळ उद्या नदीला न्यायची आहे. तेवढं झालं की भाव काय द्यावा ते सविस्तर लिहितो.

तुझा,
शिवहार


चाकण, ३१ ऑगस्ट २०२४

शिवहार,

माफी मागितली. मनातल्या मनात, तू सांगितलीस तशी.

पत्र रखवालदाराच्या खोलीतच उभ्यानं वाचलं. तो म्हणाला, काका, लॉटरी लागली का. मी हो म्हणालो. नोव्हेंबरातलं एक आणि डिसेंबरातलं एक, अशी दोन लग्नं मी तोंडी ठरवून टाकली आहेत. भाव तू सोमेश्वरशी बोल, सहापर्यंत आला तर उत्तम. आणि तुझ्या गॅरेजच्या छापील कागदावर लिहून दे, की मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, गाडी तपासली आणि ती अस्सल आहे. तो कागद मी काचेत बसवून गाडीत ठेवणार आहे. हिंगोली जिल्ह्यात तुझा शब्द चालतो, इकडे तुझा कागद चालेल.

एक गोष्ट तुला सांगायला हवी होती. सुनिताला अजून यातलं काही माहीत नाही. तिच्या हिशेबानं नऊ लाख बँकेत पडून आहेत. गाडी दारात उभी राहिली की सांगेन. उभी असलेली गाडी बघून बायको परत पाठव म्हणत नाही.

बालाजी


॥ नागनाथ ॥
औंढा, ४ सप्टेंबर २०२४

प्रिय बालाजी,

हे पत्र बसून वाच.

२६ तारखेच्या सोमवारी सकाळी खोळ नव्या पंच्यात बांधून स्कूटरच्या पुढच्या पिशवीत ठेवली. धरणाखालच्या रस्त्याला खड्डे फार आहेत. नदीवर जाऊन पंचा सोडला तर खोळीचा एक कोपरा तुटला होता. तुटलेल्या कडेला रेघा दिसल्या. एक शेंदराची, तिच्यावर एक काळपट, परत शेंदराची, परत काळपट. दर दसऱ्याला एक हात शेंदराचा, आणि मग वर्षभर त्यावर बसलेली धूळ नि इंजिनाचा धूर. झिजलेले नंबर वाचायचं भिंग माझ्या खिशात असतं. मी पायरीवर बसलो आणि रेघा मोजल्या.

नर्मदाबाई त्रेसष्ट साली लग्न होऊन आल्या. त्याच्या आदल्या वर्षी गाडी आली. म्हणजे साठच्या वर थर पाहिजेत. भरले तेहेतीस. मी तीनदा मोजलं. घरात सुतक होतं, कुणी आजारी होतं, म्हणून दोन-चार वर्षं चुकली असं धरू. तीस वर्षं चुकत नाहीत. आणि सगळ्यांत खालचा थर इतरांच्या चौपट जाड होता. त्यात धुळीची एकही रेघ नव्हती. एकाच दिवशी चार हात दिल्यासारखा.

तू म्हणशील, खोळ ठेवून घ्यायची, पुरावा होता. मी सोडायला नेली होती आणि सोडून आलो. शब्द तसाच दिला होता.

तिथून परत शेडमध्ये गेलो आणि त्याच भिंगानं नंबर पुन्हा बघितला. आता काय बघायचं ते ठाऊक होतं. आकड्यांच्या खाली पत्रा घासल्याच्या बारीक खुणा आहेत. एक आकडा डावीकडे कलला आहे. कंपनीत नंबर एका दाबात पडतो, हा आकड्यांच्या सुट्या लोखंडी ठशांनी हातोडा मारून घातलेला आहे. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नसते, पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळे हा पत्रा दुसऱ्या गाडीचा असेल तर गाडीच दुसरी आहे. नामाजींचं आहे ते फक्त इंजिन. तेहेतीस दसरे मागं मोजले तर एक्क्याण्णव सालच्या आसपास हा बदल झाला.

सोमेश्वर हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात गेला होता. नर्मदाबाई एकट्या होत्या. मी त्यांना थरांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू नागनाथाचा मानूस. वाटलं, बगशील अन् गप बसशील." मग त्यांनी काय घडलं ते सांगितलं आणि सोमेश्वरला कळू देऊ नको म्हणाल्या. मी हो म्हणालो. त्यामुळे गाडी दुसरी का आणि कुणी केली ते मी तुला लिहू शकत नाही. सोमेश्वरला यातलं काहीच माहीत नाही, तो खरं समजूनच विकतो आहे.

गाडी घेऊ नकोस. कागद मी देणार नाही.

तुझा,
शिवहार


चाकण, १० सप्टेंबर २०२४

शिवहार,

दोन लग्नं तोंडी ठरली आहेत हे मी तुला लिहिलं होतं. एका मुलीच्या बापानं आगाऊ रक्कमही दिली आहे.

तुला नंबर बघायला पाठवलं होतं. थर मोजायला कुणी सांगितलं होतं? आणि मोजलेस ते मोजलेस, खोळ आता पूर्णेत विरघळली. जगात ही गोष्ट तू आणि एक म्हातारी, एवढ्यांनाच माहीत आहे. मला कळली ती तू लिहिलीस म्हणून. हैदराबादचा व्यापारी येईल, नंबर जुळवेल, पैसे मोजेल आणि गाडी घेऊन जाईल. त्याला पाप लागणार नाही, सोमेश्वरला लागणार नाही. मग मलाच काहून?

अस्सल हा शब्द लिहू नकोस. एवढंच लिही: गाडीचा आणि इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळतो. तू स्वतः मला हे लिहिलं आहेस, पंचवीस ऑगस्टचं पत्र माझ्याकडे आहे. यात खोटं काय आहे ते मला सांग.

मी बावन्न वर्षांचा आहे. सकाळी उठून चहा पितो आणि मग काय करायचं ते मला कळत नाही. घरात कोण काय बोलतं ते ऐकू येत नाही, तोंडं हललेली दिसतात. तुझं गॅरेज आहे, देऊळ आहे. माझ्याकडे ही एक गाडी येणार होती.

बालाजी


॥ नागनाथ ॥
औंढा, १५ सप्टेंबर २०२४

प्रिय बालाजी,

तू विचारलंस त्यात खोटं काहीच नाही. चार दिवस मी त्याचाच विचार करतो आहे. नंबर जुळतो, हे वाक्य खरं आहे आणि मी ते कोणापुढेही म्हणू शकतो. पण तू तो कागद काचेत बसवशील, लग्नातला पोरगा तो वाचेल, आणि जे मी लिहिलेलं नाही तेच त्याला कळेल. तेवढ्यासाठीच तर तुला माझी सही हवी आहे.

दुसरी गोष्ट, घासून घातलेल्या नंबराची गाडी रस्त्यावर पकडली गेली तर तुला तुरुंगाचं तोंड दिसेल. हे मी आधी लिहायला हवं होतं. ते नंतर सुचलं, याचा अर्थ मला आधी स्वतःचीच काळजी होती. माझ्या सहीची.

तुझं पत्र खिशात घेऊन काल नर्मदाबाईंकडे गेलो. तुला न विचारता त्यांना वाचून दाखवलं. 'तोंडं हललेली दिसतात' इथं त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं परत वाचायला लावलं. मग मला दोन पोस्टाची पाकिटं आणून दे म्हणाल्या. आज देऊन आलो.

तुझा,
शिवहार


ता. २१ सप्टेंबर

बाबा बालाजी यास नर्मदाबाईचा आशीर्वाद. म्या चौथी शिकलेली हाय, ते बी सत्तर वर्सांमागं. लागंल तसं वाचा. एक पाकीट खराब झालं, हे दुसरं.

शिवहारला कागद मागू नका. त्याच्या तोंडाला कुलूप म्या घातलं व्हतं, आता म्याच काढून राहिले.

मामंजींनी गाडी आनली तवा चार गावात गाडी न्हवती. कुनाची बाई अडली की गाडी जायाची. मामंजींचा जीव गाडीत. मग त्यांचे डोळे गेले, काचबिंदूनं. तरी रोज सकाळी काठी टेकत जायाचे अन् गाडीत बसून ऱ्हायाचे. गाडी कुनाला देत न्हवते, आमच्या मालकांना बी न्हाई.

मालकांनी एकदा न इचारता नेली. दोस्ताचं लगीन हैदराबादेला व्हतं. येताना उलटली. मालकांना खरचटलं बी न्हाई, गाडीचा पार चुरा. इंजन तेवढं वाचलं. घरी चिठ्ठी धाडली की गिअर अडकला हाय, दुरुस्तीला येळ लागंल. तीन महिने तिकडंच ऱ्हायले. कुन्या बंगल्यामागं अशीच गाडी पडून व्हती ती घेतली, तिच्यात आपलं इंजन बसवलं, नंबर घालून घेतला, रंग दिला. दसऱ्याला आठ दिस ऱ्हायले तवा घेऊन आले. मला बी बोलले न्हाई.

दसऱ्याला म्या शेंदूर घेऊन गेले. बॉनेट उघडलं तर कपाळ कोरं. म्या मालकांकडं बगितलं. त्यांनी खाली बगितलं. म्या काय बी इचारलं न्हाई, एक हात लावला. मामंजी दर साली शेंदरावर हात ठेवून पाया पडायचे. डोळे न्हाई, पन बोटं व्हती. हात ठेवला अन् तसाच ठेवून उबे ऱ्हायले. मग मला म्हनले, "सूनबाई, औंदा शेंदूर पातळ लागला. आनखी तीन हात लाव." म्या लावले. त्यांनी परत हात ठेवून बगितलं अन् मालकांना म्हनले, "किसन, नारळ फोड."

त्येच्यानंतर ते पाच वर्सं जगले. रोज गाडीत बसायचे. एक अक्षर बोलले न्हाई. मालकांना वाटायचं मामंजींना कळलं न्हाई. म्या बी सांगितलं न्हाई. सासऱ्यानं झाकलेलं सुनेनं कसं उघडावं.

आता सांगितलं. सोमवारी सोमेश्वर जेवाया बसला तवा सांगितलं. ताट तसंच टाकून उठला. दोन दिस हळदीतच ऱ्हायला. तिसऱ्या दिवशी हळदीतून आला अन् म्हनला, आज्याला ठाऊक व्हतं? म्या म्हनलं, व्हय. म्हनला, अन् आज्याला ठाऊक हाय हे बाबाला ठाऊक व्हतं? म्या म्हनलं, न्हाई. मग जाऊन गाडीत बसला.

काल हैदराबादचा यापारी आला व्हता. नंबर बगून साडेसात देतो म्हनला. सोमेश्वरनं त्याला चहा पाजला अन् वाटंला लावलं. आमाला बी पैसा नको झाला न्हाई, बाबा. पन ते झालं.

तुमाला ऐकू येत न्हाई म्हनून लिहिलं. न्हाईतर म्या कुनाला लिहीत न्हाई.

नर्मदाबाई


चाकण, २८ सप्टेंबर २०२४

शिवहार,

नर्मदाबाईंचं पत्र आलं. ते रखवालदाराच्या नावानं नव्हतं, सरळ घरच्या पत्त्यावर आलं. पत्ता कुणी दिला ते मी विचारत नाही. सुनितानं दार उघडलं, पाकीट फोडलं आणि पूर्ण वाचूनच माझ्या हातात दिलं. मग मला एका कागदावर लिहून विचारलं, कोणती गाडी?

सगळं सांगितलं. ती बोलत होती आणि मी तोंडाकडे बघत होतो. बऱ्याच दिवसांनी बघितलं. सगळं समजलं नाही. शेवटी तिनं कागद घेतला आणि लिहिलं: 'पुरुषांनी दडवायचं आणि बायकांनी त्यावर शेंदूर लावत बसायचं, हे माझ्यानं होणार नाही.' तो कागद फ्रीजवर लावला आहे. मुलगी येता-जाता वाचते आणि हसते.

मुलीच्या बापाची आगाऊ रक्कम परत केली. तो चांगला माणूस निघाला. मी त्याला कारण लिहून दिलं, तर त्यानं विचारलं, ती गाडी नुसती उभी करून फोटो काढता येतील का? लग्नाआधी जोडप्यांचे फोटो काढतात तसे. त्याच्या मेव्हण्याचं इथं लॉन आहे. उभी गाडी कुणी पकडत नाही. सुनिता म्हणते की उभ्या गाडीला दोन-अडीच लाखांवर एक रुपया जाणार नाही, आणि खरं काय ते लिहिलेला कागद मिळणार असेल तरच. बाकीचे बँकेत राहतील.

म्हणून पुन्हा कागद मागतो. या वेळी सगळं लिही. सोमेश्वरला चालणार असेल तर. भाव तू ठरव, मी घासाघीस करणार नाही. दहा तारखेच्या आत मी आणि सुनिता नांदेडच्या गाडीनं येतो.

दहा सप्टेंबरचं पत्र फाडून टाक.

बालाजी


॥ नागनाथ ॥
औंढा, ६ ऑक्टोबर २०२४

ही गाडी ज्याच्याकडे असेल त्याच्यासाठी.

मी, शिवहार, औंढा नागनाथ इथं सत्तावीस वर्षं गाड्या दुरुस्त करतो. ही फियाट मी जुलै आणि ऑगस्टमध्ये सहा वेळा तपासली. मला जे दिसलं आणि नर्मदाबाईंनी जे सांगितलं, ते लिहितो.

इंजिन अस्सल आहे. ते १९५४ सालच्या त्याच गाडीचं आहे, जी नामाजींनी १९६२ साली परभणीत घेतली आणि जी गावातल्या अडलेल्या बायकांना दवाखान्यात पोचवत असे. ती गाडी १९९१ साली उलटून मोडली. आताची गाडी तिच्याच जातीची आहे, हैदराबादेत घेतलेली. तिचा मूळ नंबर घासून गेला आहे. ती आधी कुणाची होती, तिचा नंबर काय होता, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. पत्रा चांगला आहे. डाव्या पंख्यात आणि मागे उजवीकडे पुट्टी आहे. सीटचं कापड नंतरचं आहे.

इंजिनामागच्या पत्र्यावर ~~खोटा नंबर~~ *माझ्या बापानं घातलेला नंबर* आहे. तो आरसी बुकाशी जुळतो. तेवढ्यावरून कुणी गाडी अस्सल समजू नये. घेणाऱ्यानं हा कागद परिवहन कार्यालयात दाखवावा आणि ते देतील तो नंबर घ्यावा. तोवर गाडी रस्त्यावर काढू नये.

अस्सल असती तर हिची किंमत साडेसहा लाख झाली असती. आज मी दोन लाख वीस हजार धरतो. त्यातले सव्वा लाख इंजिनाचे आहेत.

हा कागद सोमेश्वर यांच्या शेडमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. बालाजी यांना वाचायला हातात दिला. सोमेश्वर यांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं. वर दोन शब्द खोडून जे लिहिलं आहे ते त्यांच्या हातचं आहे.

खाडाखोड सर्वांना मान्य.

सही: शिवहार
सही: सोमेश्वर किसनराव
सही: नर्मदाबाई
सही: बालाजी
सही: सुनिता